ऱ्हस्व अक्का

स्टोअरच्या खोलीत फुटबॉल पाच होते. त्यांतले हवा धरणारे तीन. सरावात जर्सीवर चढवायच्या बिब्स बावीस, पैकी सात उसवलेल्या. बुटांचे जोड नऊ, खेळणाऱ्या मुली चौदा. दाराच्या मागं गेल्या मोसमाचा तक्ता अजून चिकटलेला होता: सामने दहा, विजय शून्य, बरोबरी एक, पराभव नऊ. केलेले गोल तीन, खाल्लेले चौतीस. सीमाभागातल्या सहा कॉलेजांच्या लीगमध्ये क्रमांक सहावा.

रचनानं हे सगळं वहीत उतरवून घेतलं. ती संघाची कॅप्टन, बचावाच्या मधोमध उभी राहणारी स्टॉपर, आणि बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला फिजिक्सची. खाल्लेल्या चौतीसही गोलांची तिनं कारणं लावली होती. सगळ्यांत लांब रकाना 'अ'चा. चेंडू गोलकीपर आणि स्टॉपरच्या मधे पडला, दोघी एकदम धावल्या किंवा दोघी एकदम थांबल्या, असे गोल. तेरा.

गोलकीपर म्हणजे खासबागची शिवलीला. घरी कन्नड, बाहेर कन्नड-मराठी दोन्ही.

"आपसात बोलत न्हाईत ओ ह्या पोरी," क्रीडा समितीचे मारुतीराव तेरा हा आकडा ऐकून म्हणाले. "भाषेचं भांडण हाय हे. गोलात आपली पोरगी उभी करा. आणि ह्या वर्षी पहिल्या तिनांत आला न्हाईत तर मुलींची टीम बंद."

उपेंद्र सर कॉलेजचे पीडी, म्हणजे खेळाचे शिक्षक. त्यांनी मान डोलावली आणि बाहेर येऊन रचनाला म्हणाले, "प्रमोदिनीला गोलात बघूया का?"

"प्रमोदिनी चेंडू आला की डोळे मिटती, सर."

"ते शिकवता येतं."

"शिवलीला गेली तर मी बी जाते. मग स्टॉपर बी हुडका."

"अगं, कॅप्टन ना तू?"

"म्हणूनच."

सरांनी विषय सोडला. पण रचनाला ठाऊक होतं, हट्टानं 'अ'चा रकाना भरून येणार नव्हता. तिची आणि शिवलीलाची कधी तू-तू मैं-मैं झाली नव्हती. डबासुद्धा एकत्र खायच्या. मग तेरा गोल आले कुठून?

रविवारी तिनं शिवलीलाला वडगावच्या घरी बोलावलं. पुढच्या खोलीत चार यंत्रमाग. चालू असले की शेजारच्या माणसाच्या कानात ओरडावं लागतं. मैदानावरच्या गलक्याला याहून चांगली जोड मिळाली नसती.

"तू मला मैदानावर काय ओरडतेस, नेमकं सांग."

"चेंडू मी घेणार असले की 'बिड'. कन्नडात सोड म्हणतात तसं."

"आणि मी पुढं जावं असं वाटलं तर?"

"तर 'भिड'. तुझ्यासाठी मराठीतनं."

रचना तिच्याकडं बघतच राहिली. "माझ्यासाठी?"

"मग? सारखं कन्नडच काय ओरडायचं, बरं दिसतंय का ते?"

रचनानं चिठ्ठ्या केल्या. वीस 'बिड', वीस 'भिड'. चारी माग चालू. शिवलीला एका टोकाला चिठ्ठी उचलून ओरडणार. रचना दुसऱ्या टोकाला, पाठ करून, ऐकू आलं ते लिहिणार. चाळिसातली एकवीस उत्तरं बरोबर आली. नाणं उडवून लिहिलं असतं तरी साधारण एवढीच आली असती.

"म्हणजे मीच गोल घालत होते व्हय?" शिवलीलाचा चेहरा उतरला.

"तू न्हाय गं. तुझं मन राखणं."

तेवढ्यात मागापलीकडून मालुबाईंनी, म्हणजे रचनाच्या आईनं, हाक मारली, "आक्का! चहा घेताय न्हवं?" आणि रचनाची मान आपोआप वळली. घरात थोरली म्हणून तिला सगळे, आईसुद्धा, आक्काच म्हणायचे. चार मागांच्या खडखडाटात तो एक शब्द कधी चुकला नव्हता.

शिवलीलाला हसू फुटलं. "आमच्यातबी थोरलीला अक्काच म्हणतात की."

चहा तसाच राहिला. पुन्हा चाळीस वेळा: वीसदा 'अक्का', वीसदा नुसतं गप्प. चाळीसपैकी चाळीस. नियम एका ओळीत बसला: हाक आली तर चेंडू शिवलीलाचा, नाही आली तर रचनाचा.

"दोन्हीकडचा शब्द घेतला म्हणं," मारुतीराव सरावाच्या वेळी कठड्याजवळ येऊन म्हणाले. "मॅच हाय का हळदीकुंकू?"

"तक्त्यात कळंल, काका," रचना म्हणाली.

मोसम सुरू झाला. पहिल्या सामन्यात एक-शून्य हार, पण 'अ'चा रकाना कोरा. दुसऱ्यात बरोबरी. तिसऱ्यात पुढं खेळणाऱ्या ऋतिकानं दोन गोल घातले आणि पहिला विजय आला. ऋतिका डोंगरातल्या जांबोटीची, चढावर पळत मोठी झालेली. शेवटच्या दहा मिनिटांत बाकीच्या धापा टाकत असताना ती नुकतीच मैदानात उतरल्यासारखी दिसायची. मागचं दार बंद झालं, तसा तिच्या गोलांना भाव आला. नऊ सामन्यांत चौदा गुण. शेवटचा सामना निपाणीकडच्या एका कॉलेजशी, आणि तिसऱ्या जागेसाठी एक गुण पुरेसा होता. हरलं तर चौथी जागा, आणि टीम बंद.

निपाणीकडची स्ट्रायकर भैरवी हुशार होती. आधीच्या सामन्यात तिनं कान उघडे ठेवले होते. विसाव्या मिनिटाला उंच चेंडू आला, रचना उडी घेणार तोच मागून आवाज आला, "आक्का!" ती थांबली. शिवलीला अजून रेषेवरच होती. भैरवीनं निवांत डोकं लावलं. शून्य-एक.

"सर, तिनं आमची हाक मारली!" रचना रेफरीकडं धावली.

"बहिणीला हाक मारायला बंदी हाय व्हय?" भैरवीनं डोळे मोठे केले.

रेफरीला काही ऐकूच आलं नव्हतं. गोल राहिला.

हाफटाइमला उपेंद्र सर घाईनं म्हणाले, "शब्द बदला. काहीही ठेवा, 'मँगो' ठेवा."

"न्हाय," रचना म्हणाली. "शब्द आमचा हाय. त्यांनी चोरला म्हणून आम्ही का सोडायचा?" ती शिवलीलाकडं वळली. "हाक मार बघू एकदा."

"अक्का!"

"ऐकलंत, सर? ऱ्हस्व. हिच्या तोंडात कन्नडातला 'अ' हाय, तो कधी लांबत न्हाय. भैरवी मराठी, ती म्हणाली 'आक्का', आमच्या आईसारखं. चूक माझी झाली. मी शब्द ऐकला, माणूस ऐकलं न्हाय."

"पळता पळता एवढं कळणार तुला?"

"चार मागांत कळतंय, सर."

"आणि मी आता मराठी सुधारू नको म्हणं," शिवलीला म्हणाली. पहिल्यांदाच सगळ्या हसल्या.

बावन्नाव्या मिनिटाला ऋतिकानं दोघींना मागं टाकून बरोबरी साधली. त्यानंतर निपाणीकडच्यांनी चेंडू आमच्याच अर्ध्यात ठेवला, असं पुढं प्रमोदिनी सांगायची, आणि ते खोटं नव्हतं. शेवटच्या मिनिटाला त्यांना कॉर्नर मिळाला. कठड्याजवळ मारुतीराव उभे होते, हात मागं बांधून.

चेंडू वळत आत आला. "आक्का!" दीर्घ. रचना थांबली नाही. तिनं उडी घेतली आणि डोक्यानं चेंडू बाहेर ढकलला. तो तिथून पुन्हा उंच उडवला गेला, सरळ तिच्या माथ्यावर.

"अक्का!"

चेंडू हातभर अंतरावर होता, भैरवीचा खांदा तिच्या खांद्याला लागला होता. रचनानं दोन्ही हात अंगाशी घेतले आणि खाली वाकली. वरून शिवलीलाचे हातमोजे गेले. चेंडू त्यांत थप्पकन बसला, आणि शिट्टी वाजली.

सोमवारी रचनानं दाराच्या मागचा जुना तक्ता काढून नवा लावला. सामने दहा, विजय चार, बरोबरी तीन, पराभव तीन. गुण पंधरा, क्रमांक तिसरा. खाल्लेले गोल अकरा. 'अ' रकान्यात: एक.