पाचशे शिक्के

घरात तिला सगळे धाकटी म्हणत, आणि कामाची वेळ आली की ती त्या नावाला जागे. कॉलेजात तिला संगणकाला माणसांची भाषा शिकवायचा विषय होता. चौघांच्या गटाला प्रकल्प मिळाला: लोकांनी बस कंपनीला लिहिलेल्या तक्रारी वाचून, लिहिणारा चिडलाय, रडकुंडीला आलाय की नुसती चौकशी करतोय, हे मशीनला ओळखायला शिकवायचं. पण मशीनला आधी माणसाने दाखवून द्यायला हवं. म्हणून पाचशे वाक्यं दोघांनी वेगवेगळी वाचून प्रत्येकापुढे शिक्का मारायचा, एकमेकांचं बघायचं नाही. एक धाकटी, दुसरा चष्मेवाला.

चाळीस वाक्यांतच धाकटीला जांभया यायला लागल्या. चष्मेवाल्याची पुरी झालेली फाइल गटाच्या फोल्डरमध्ये उघडीच होती. तिने आपले चाळीस पुसून त्यातले सगळे शिक्के जसेच्या तसे उचलले आणि दोन दिवस आधीच काम देऊन मोकळी झाली. शिलाई मशीनवरून मान वर न करता आईने विचारलं, एवढ्यात कसं झालं? डोकं लागतं त्याला, ही म्हणाली. ते आलं कधी, मला कळवायचंस तरी, आई म्हणाली.

शुक्रवारी मॅडमनी दोन्ही फाइली शेजारी लावल्या. पाचशेच्या पाचशे शिक्के सारखे. सख्ख्या बहिणींचंही एवढं जमत नाही. त्यात चूकसुद्धा एकच. तीनशे दहाव्या वाक्याशी ओळ घसरलेली, तिथून पुढे प्रत्येक शिक्का एक घर खाली. शिव्यांपुढे चौकशी, काकुळतीपुढे राग.

चष्मेवाला तापाने पडला होता, म्हणून पुरी झालेली फाइलही त्याने शेवटच्या दिवशी दिली होती. उशिरा देणारा तोच चोर, असं मॅडमनी धरलं. त्याला शून्य, आणि गटातून बाहेर. मी कुणाचं बघितलं नाही, एवढंच तो बोलला. मग हळूच म्हणाला, "तिचे गुण कापू नका, मॅडम. तिने मेहनत केलीय."

धाकटीच्या कानशिलांतून वाफ निघाली. मॅडमनी शून्य लिहायला पेन टेकवलं, तेव्हा कुठे ती उठली.

"चोरी माझी आहे. तीनशे दहाच्या पुढचं एक वाक्य जरी वाचलं असतं, तरी चूक दिसली असती मला."

शून्य तिच्या नावापुढे गेलं. गटातले बाकीचे दोघे तिच्याकडे न बघता निघून गेले. चष्मेवाला दप्तर आवरत राहिला.

"कधी घेतलीस?"

"मंगळवारी."

तो थांबला. "मंगळवारी तू फोन केला होतास. ताप कसाय विचारायला. मी घरी सांगितलंसुद्धा, गटातलं कुणीतरी आठवणीने विचारतंय म्हणून."

त्या फोनवर तिने तापाचं विचारण्याआधी फाइल पुरी झाली का, हेच विचारलं होतं. ते त्यालाही आता आठवलं असावं. त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि तिच्या बाजूने न जाता बाकांना वळसा घालून दाराकडे गेला.