कारखान्याचा जावई

आमच्या मालकांचं नाव मी घेत न्हाय. तुमाला हसायचं तर हसा. लगनात उखाण्यात एकदा घेतलं, तेवढं बास झालं. पण नाव न घेण्यापायी आमच्या घरात काय रामायण घडलं, ते आधी ऐका आन् मंग हसा.

सन छप्पन्नची गोष्ट. आमच्या भागात सहकारी साखर कारखाना काढायचं ठरलं. शेळगावच्या पारावर दोन पुढारी जीपगाडीतनं आले. म्हणले, "तुमी शेअर घ्या. तुमच्या पैशाला सरकार पैसा जोडंल, उरल्यालं ब्यांक कर्ज दील. कारखाना सावकाराचा न्हाय, शेटजीचा न्हाय, तुमचा!"

पाराला लागूनच इब्राहिमभाईचं दुकान. त्यो तागडी हातात धरूनच वरडला, "सायेब, एका शेअरला चिमणीच्या इटा किती येत्यात?" समदा पार हसला. आमचं मालक तेवढं हसलं न्हाईत. त्यांच्या डोक्यात वारं शिरलं हुतं. घरी आलं ते आरोळी ठोकतच, "अगं, आपण कारखान्याचं मालक व्हायाचं!"

आता मालक व्हायला पैसा लागतो, आन् घरात तर खडखडाट. चार दिस त्यांनी हिकडं तिकडं हात मारलं, आन् मंग गोठ्याकडं बघाया लागलं. गोठ्यात माझी म्हैस. माझी म्हंजी, भावानं लगनात आंदण दिलेल्या म्हशीची लेक. माझ्या हाताबिगर कुणाला धार काढू द्यायची न्हाय. मी दोन दिस भाकरीला शिवले न्हाय. तिसऱ्या दिशी म्हणलं, न्या बाबा, होऊ द्या तुमचा कारखाना. बारामतीच्या बाजारात तिला इकली. मी रडले, लपवायचं काय त्यात.

पैसं भरायच्या शेवटच्या दिशीच बैलानं मालकांना लाथ घातली. पाय ह्यो एवढा सुजला. मंग काय, पैसं पदराला बांधून मीच गेले इंदापूरला. कचेरीत ही लांब रांग, आन् एकबी माणूस वळखीचं न्हाय. गावात असते तर शेंबड्या पोरानं बी मालकांचं नाव सांगितलं असतं. म्होरं बसलेला कारकून पुण्याकडचा, चष्मेवाला.

"सभासदाचं नाव?"

"ननवरे."

"हे आडनाव झालं. नाव?"

"आमचं हे."

"हे म्हणजे कोण?"

"हे म्हंजी हेच की. घरी हायेत, बैलानं लाथ मारलीया."

"अहो बाई, त्यांना आईबापांनी काही नाव ठेवलंय की नाही?"

"ठेवलंय तर! सव्वाशेर साखर वाटून ठेवलंय."

"मग सांगा ना!"

मी लई इचार केला आन् म्हणलं, "माझ्या चुलत सासऱ्याचं बी तेच हाय." त्यानं कपाळाला हात लावला. मागनं रांग खेकसाया लागली. त्यो म्हणला, "बरं, पैसे कुणाचे?"

"म्हशीचं."

"म्हैस कुणाची?"

"माझी."

"मग तुमचं नाव सांगा आणि मोकळ्या व्हा."

म्हणलं, ठमाबाई. त्यानं लिवलं, माझा अंगठा घेतला. मला वाटलं, पैसं कुणी आणलं त्येचं नाव लिवत्यात. मालकांचं नाव त्यो मागनं कुणाला तरी इचारून घील.

पुढं टपालानं शेअरचा कागद आला. समदा इंग्रजीत. गावात वाचतंय कोण? मालकांनी त्याला काचंची चौकट केली, देवाशेजारी लावला, आन् वरीसभर गावात मिरवलं. चिमणी उभी राहाया लागली तवा रोज म्हणायचं, "आज माझी चिमणी दोन हात वाढली."

मंग आली पैली सभा. मालक नवा फेटा बांधून निघालं, मीबी गाडीत बसून गेले, चिमणी बघाया. मांडवाच्या दारात यादी घेऊन त्योच चष्मेवाला. मालकांनी छाती फुगवून आपलं पुरं नाव सांगितलं.

कारकुनानं यादी वरनं खाली बघितली, खालनं वर बघितली. "हे नाव नाही. ननवरे एकच आहेत, ठमाबाई."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. मालक गर्रकन वळलं. "अगं, कुणाचं नाव लिवून आलीस?"

"मी कुठं लिवलं? मला कुठं लिवता येतंय?"

इब्राहिमभाई मागंच हुता. त्यानं टाळी वाजवली. "ननवरे, तुमी तर कारखान्याचं जावई झाला की वो!" दारातली समदी माणसं पोट धरून हसली. मालकांचं तोंड फेट्यापरीस लाल झालं.

कारकून भला माणूस. म्हणला, "एवढं काय त्यात? शेअर नावावर करून देता येतो. या कागदावर बाईंचा अंगठा झाला की अर्ज आजच पुढं धाडतो." आन् शाईची डबी म्होरं सरकवली.

"टाक अंगठा," मालक म्हणलं.

मी अंगठा शाईत बुडवला बी. आन् तितंच थांबले. जमीन त्यांच्या नावावर, घर सासऱ्याच्या नावावर. म्हैस माझी, पर तिला बी गाव मालकांचीच म्हैस म्हणायचं. आख्ख्या जगात माझं नाव कुठं लिवलेलं असंल, तर त्या एका यादीत. मला एकदम लई राग आला, कुणाचा ते देवालाच ठाऊक.

"न्हाय," मी म्हणलं.

"काय न्हाय?"

"अंगठा देनार न्हाय. म्हैस माझी हुती."

मालक तरातरा बैलांकडं निघून गेलं. मी पदर सावरला आन् आत गेले. हजारभर फेट्यांत आमी तिघीच बाया. उसाच्या पैशातनं टनामागं चार आणं कापून गावागावाला रस्तं करायचं का, असं सभेत इचारलं. मी शाईचा हात वर केला.

बाहेर आले तर वाटलं, गाडी गेली असंल. हुती. बैल जुपलेलं, मालक जुवापाशी उभं. मी चढले. गाडी ओढ्यापातूर आली. मंग म्होरं बघतच त्यांनी इचारलं, "काय ठरलं सभेत?"

लगीन होऊन बावीस वर्सं झाली हुती. काय ठरलं, असं त्यांनी मला पैल्यांदाच इचारलं.

"सांगते की," मी म्हणलं. "आधी गाडी जरा हळू हाका. लई हाय सांगायचं."