नको म्हटलं की उठायचं

वकिलाने खुर्ची उलटी फिरवली, तिच्या पाठीवर दोन्ही कोपरं टेकली आणि समोर बसलेल्या पार्लरवालीला मधाळ आवाजात विचारलं,

"माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

"आहे. पण कंडोम असेल तर. नाहीतर नाही."

"अगं, एवढे दिवस एकत्र फिरतोय आपण. मी काय रोगी वाटतो तुला?"

"तसं नाही रे... पण भीती वाटते."

"कुणाची? माझी?"

पार्लरवालीने कपाळावर हात मारून घेतला. भिंतीला टेकून बसलेली पोरंपोरी खिदळली. वकिलाने आजचाही खटला जिंकला होता.

"दिलंस ना कारण?" खिडकीपाशी उभ्या असलेल्या सिस्टर म्हणाल्या. "कारण म्हणजे दोरी. एक टोक तुझ्या हातात, दुसरं लगेच त्याच्या. मग तो ओढत बसतो. नको म्हणायचं आणि उठायचं. तोंडाने नको आणि बूड खुर्चीत, त्याला मी नकार धरत नाही."

हा वर्ग दर शनिवारी संध्याकाळी दवाखान्याच्या मागच्या खोलीत भरायचा. शाळा अर्ध्यावर सोडून कामाला लागलेली, कुणी घरातून पळालेली, कुणी नशेच्या उंबरठ्यावर एक पाय ठेवून आलेली अशी ही मंडळी. सिस्टर आधी माहिती सांगायच्या. कुठली नशा शरीराचं काय करते, एक सुई दोघांनी वापरली तर रक्तातून काय काय येतं, कंडोम कसा वापरायचा, तपासणी कुठे होते. सगळं रोखठोक, भाजीचा भाव सांगावा तसं. पोरं लाजून लाल व्हायची, सिस्टर नाही. मग नाटक सुरू व्हायचं. एक खुर्ची गळ घालणाऱ्याची, एक नकार देणाऱ्याची. मालाच्या जागी एक रिकामी आगपेटी.

गळ घालायला कायम वकीलच. तो काही खरा वकील नव्हे, मामाच्या टायरच्या दुकानात पंक्चर काढणारा गडी. पण जीभ अशी, की गुळगुळीत झालेला टायर गिऱ्हाइकाला नवा वाटावा. बोलणाऱ्याची मातीही खपते म्हणतात, ते त्याला बघूनच म्हणत असावेत. शिवाय त्याला ही भाषा आतून ठाऊक होती. लंबू नावाच्या जुन्या दोस्ताबरोबर एका भाड्याच्या खोलीत त्याने ती ऐकली होती, बोललीही होती, आणि त्या खोलीत सुई एकच होती. ते कळल्यावर सिस्टरनी त्याला दंडाला धरून रक्त तपासायला नेलं. काही महिन्यांनी पुन्हा नेलं. दुसऱ्यांदाही रक्तात काही निघालं नाही, तेव्हा तो दवाखान्याच्या बाकावर हमसून हमसून रडला. सिस्टर शेजारी बसून राहिल्या. उपदेशाचा एक शब्द नाही. "चहा घेशील?" एवढंच विचारलं. त्या चहाचे उपकार आपण मरेपर्यंत फेडू शकणार नाही, असं वकिलाला मनापासून वाटायचं.

म्हणूनच एक गोष्ट सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती. सगळ्यांची तालीम झाली होती, त्याची नाही. एकदा त्याने उगाच दुसऱ्या खुर्चीवर हात ठेवून पाहिला होता. सिस्टर हसल्या होत्या. "तू तिथे बसलास तर तुझ्यासारखा गळ घालणारा मी कुठून आणू?" पोरांनी टाळ्या दिल्या. वकिलाची छाती फुगली आणि त्याने खुर्चीवरचा हात काढून घेतला. लंबू परगावी कामाला गेला होता म्हणून सगळं ठीक चाललं होतं. परत आला की मग?

हरला होता तो आजवर एकदाच, आणि तेही पुटपुटीसमोर. ही इस्त्रीच्या दुकानात काम करणारी मुलगी. काय बोलते ते तिच्या शेजारच्यालाही ऐकू यायचं नाही, म्हणून ते नाव. वकिलाने तिच्यापुढे आगपेटी धरून असं भाषण ठोकलं होतं, की बेकरीवाला पोरगा म्हणाला, "मीच घेतो, आण इकडे!" पुटपुटी म्हणाली, "नको." वकिलाने पुन्हा सूर लावला. "नको," ती म्हणाली आणि ओढणी सावरत उठून दारापर्यंत गेलीसुद्धा. वकील आगपेटी हातात धरून बसलेला.

"हे चालणार नाही! ही काही बोललीच नाही!" त्याने तक्रार केली होती.

"हो ना," सिस्टर म्हणाल्या होत्या.

बुधवारी दुपारी वकील ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता, तेव्हा पाण्यात एक लांबलचक सावली पडली. त्याने वर न बघताच ओळखलं.

"लेका, वर तरी बघ. मेलो नाही मी."

लंबू वाळला होता. गालफडं बसलेली, पण हसू तेच. मामा टायर आणायला गोदामात गेला होता, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. लंबूने स्टूल ओढलं, गुडघ्याला गुडघा लावून बसला आणि खिशातून कागदाची पुडी काढून मुठीतच ठेवली.

"संध्याकाळी खोलीवर ये. दोन पोरी पण येणार आहेत. मजा करू."

"दुकान आहे रे."

"दुकान काय रात्रभर उघडं असतं?"

"मामा ओरडेल."

"मामाला मी सांगतो, भाच्याला जेवायला नेतोय म्हणून."

"मी सोडलंय आता."

"मग काय झालं? सोडलेलं माणूस एकदा घेऊ शकतं. सवय तर सुटली ना तुझी? मग घाबरतोस कशाला?"

हे शेवटचं वाक्य वकिलाचंच होतं. गेल्याच महिन्यात बेकरीवाल्याला त्याने याच वाक्याने चीत केलं होतं. त्याला दोरी दिसली. तीन कारणं दिली होती, तीन दोऱ्या लंबूच्या हातात होत्या, आणि चौथं कारण जिभेच्या टोकावर तयार होतं. चांगलं होतं, बिनतोड होतं. त्यालाही लंबू तोड काढणार होता. वकिलाने स्वतःही काढली असती. आणि खरं सांगायचं तर मूठ बघून त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

मग इस्त्रीच्या दुकानातली ती मुलगी ओढणी सावरत त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

"नको," वकील पुटपुटला.

"काय?"

"नको."

"अरे, पण का? कारण तरी सांग!"

वकील उठला. दुकान त्याच्या भरवशावर, गिऱ्हाईक यायची वेळ, हातात टायर काढायची लोखंडी पट्टी, आणि हा आपला तरातरा रस्त्याला लागला. मागून लंबू हाका मारत होता. वकिलाने मागे बघितलं नाही. कोपऱ्यावर त्याने पळायला सुरुवात केली.

दवाखान्याच्या पायरीवर सिस्टर घाईघाईने चपला घालत होत्या. त्याला बघून त्यांचा एक पाय तसाच हवेत राहिला.

"तुझ्याकडेच निघाले होते. बेकरीवाला म्हणाला, लंबू आलाय." त्या म्हणाल्या. "अरे, सगळ्यांना बसवलं त्या खुर्चीत, तुला एकदाही नाही. तू छान बोलतोस म्हणून मी बोलायलाच लावत बसले. एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात येऊ नये! काय झालं? घेतलंस?"

"नाही."

"खरं?"

"नको म्हणालो. आणि उठलो."

सिस्टर एका पायात चप्पल घालून पायरीवर बसल्या. पोरांसमोर कधी न रडलेली बाई पदराने डोळे पुसू लागली.

"चुकलं रे माझं."

"काय चुकलं? दर शनिवारी सगळ्यांचं 'नको' मीच तर ऐकत होतो, सिस्टर. माझ्याएवढं कुणी ऐकलंय?" वकील त्यांच्याशेजारी टेकला. "तुम्ही नसता तर मी आज कुठे असतो, मला विचार करवत नाही."

"माझे आभार नंतर मान. आधी हिचे मान."

दारात पुटपुटी उभी होती, दवाखान्याच्या इस्त्री केलेल्या पांढऱ्या डगल्यांचा गठ्ठा छातीशी धरून. वकील तिच्याकडे वळला.

"तुझ्यामुळे... म्हणजे ते तू त्या दिवशी... थँक्यू गं."

पुटपुटीने त्याच्या हातातल्या लोखंडी पट्टीकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्यांदाच विचारलं,

"मग दुकानात कोण आहे?"

"मेलो!" म्हणत वकील आला तसा उलट धावत सुटला. सिस्टरचं रडता रडता फुटलेलं हसू त्याला कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होतं.

दुकान जागच्या जागी होतं. लंबूही होता. एका सायकलवाल्याच्या चाकात तो हवा भरत होता, धापा टाकत, निम्म्या ताकदीने. सायकलवाला गेल्यावर तो स्टुलावर टेकला. पुडी कुठे दिसत नव्हती. खिशातच असणार.

"स्वतःच्या दुकानातून पळतं का रे कुणी?" तो म्हणाला. हसला नाही. "मला वाटलं, आता तू परत येतच नाहीस."

"आलो ना."

"काय खूळ घेतलंयस हे? कुठे शिकलास?"

"दवाखान्याच्या मागे. शनिवारी संध्याकाळी. सुई-रक्ताचं पण बघतात तिथे. मी करून घेतलं. तू पण चल."

लंबू जमिनीकडे बघत राहिला. हात गुडघ्यांत दाबून धरले होते.

"नको," तो म्हणाला.

वकिलाच्या जिभेवर दहा वाक्यं एकदम गोळा झाली. एकाहून एक सरस. त्याने तोंड उघडलं, मग मिटलं. पाण्यात तरंगणारी ट्यूब उचलली आणि बुडबुड्यांची जागा बोटाने शोधू लागला.

एक गिऱ्हाईक येऊन गेलं. मामाच्या गाडीचा हॉर्न लांबून वाजला. लंबू अजून बसूनच होता.