डीलियाचे केस कुणी जाळले नाहीत

आमच्या आयरिश स्वातंत्र्ययुद्धावरचे चित्रपट मी इतके पाहिलेत की आता पहिली पाच मिनिटं पाहून शेवट सांगते. पाऊस पडत असतो. लाल केसांची मुलगी सायकलवरून येते आणि तिच्या टोपलीत पावाखाली पिस्तूल असतं. पोलीस सगळे इंग्रज, दात किडलेले. आपली पोरं मात्र एकजात देखणी, आणि मरताना प्रत्येकाकडे एक वाक्य बोलण्यापुरता श्वास शिल्लक. मागे कुठेतरी फिडल रडतंच. मला याचा कधी राग आला नव्हता. समोर असं काही चालू असलं की विणकाम बरं होतं. राग आला तो हे सगळं सामानसुमानासकट आमच्या स्वयंपाकघरात शिरलं तेव्हा.

आमचं घर लिमरिकच्या पश्चिमेला, नॉकरूच्या चढावर. वडील शहाऐंशीचे. त्यांनी स्वयंपाकघरातला खिळासुद्धा हलवू दिलेला नाही. मी शेगडी आणली, ती मागच्या खोलीत ठेवावी लागली. भिंतीतल्या मोठ्या उघड्या चुलीत अजून दलदलीतून कापून वाळवलेल्या टर्फच्या ढेपा जळतात. झोपायच्या आधी वडील निखारे राखेत पुरतात, सकाळी राख सारून फुंकर घालतात. ही चूल डीलियाची. तिने ती उभ्या जन्मात विझू दिली नाही, म्हणून यांनीही नाही. हीच चूल पाहून चित्रपटवाल्यांचा जीव आमच्या घरावर जडला.

डीलिया म्हणजे वडिलांची आत्या. वडिलांची आई त्यांच्या जन्माच्या वेळीच गेली, तेव्हापासून हिनेच त्यांना वाढवलं. लग्न केलं नाही. मला ती आठवते ती डोक्याला घट्ट रुमाल बांधलेली. घरात रुमाल, शेतात रुमाल, तापाने फणफणली तरी रुमाल. मोकळ्या डोक्याची डीलिया मी फक्त शवपेटीत पाहिली, आणि तेव्हा कळलं, केस कमरेपर्यंत होते, पांढरेशुभ्र. त्या दिवशी शेजारचा म्हातारा नेड रीडी आला होता. तोच कॅप्टन नेड, जो आता आमच्या चौरस्त्यावर दगडाचा होऊन बंदूक घेऊन उभा आहे. आमच्याकडे मयताच्या घरी दुष्मनसुद्धा पेटीपर्यंत जातो, मयताच्या हाताला हात लावतो. नेडने दारातूनच छातीवर क्रूस केला, टोपी चढवली आणि निघून गेला.

"तो आत का नाही आला?" मी विचारलं. शाळकरी होते तेव्हा.

"गप्प बस आणि पाहुण्यांना चहा दे," वडील म्हणाले.

आमच्या देशाचा निम्मा इतिहास याच वाक्याने झाकलेला आहे.

तर चित्रपटवाल्यांची एक मुलगी आली, माहिती गोळा करणारी. गोड पोर. माझा ब्राउन ब्रेड लोण्याशिवाय खाल्ला तरी मी तिला माफ केलं, कारण तिने वडिलांना विचारलं आणि मग मधे न बोलता ऐकलं. वडील जन्मभर जे बोलले नव्हते ते त्या दुपारी बोलले. मी पीठ मळत होते, माझे हात थांबले.

एकोणीसशे एकवीस सालचा वसंत. डीलिया कोवळी पोर होती. दोन रविवार ती इंग्रज सरकारच्या पोलीसचौकीतल्या एका शिपायाबरोबर नदीकाठी फिरायला गेली. शिपाई इंग्रज नव्हता, रॉसकॉमनच्या एका शेतकऱ्याचा पोरगा होता, आमच्यासारखाच गरीब आणि आमच्यासारखाच लाजरा. तिसऱ्या रविवारी आमचीच, इंग्रजांशी लढणारी माणसं तोंडाला फडकी बांधून घरी आली. शेजाऱ्याच्या तोंडाला फडकं बांधलं म्हणून त्याचे बूट ओळखू येत नाहीत का? नेड रीडीने तिला वेणी धरून अंगणात ओढलं. मेंढ्यांची लोकर कातरायची कात्री आणली होती, तिनेच केस कापले. तिच्या अंगाला कितीतरी दिवस त्या लोकरीच्या चरबीचा वास येत होता म्हणे.

"आणि कंदील," वडील म्हणाले, "कंदील माझ्या बापाने धरला होता. तिच्या सख्ख्या भावाने. हेही लिहून घे, पोरी. नुसत्या रीडींचं लिहू नकोस."

इंग्रजांनी पाठवलेल्या टॅन शिपायांनीही बायकांचे केस कापले. पलीकडच्या गावात शाळेच्या बाईंचे कापले होते. ते कुणी नाकारत नाही. पण त्याची गाणी झाली, दरवर्षी भाषणं होतात. डीलियाला रुमाल मिळाला.

ती मुलगी डोळे पुसत गेली. वडील त्या दुपारी लहान मुलासारखे झोपले. उठल्यावर म्हणाले, "आयटा, आता मी मेलो तरी चालेल. एवढ्या मोठ्या पडद्यावर कुणीतरी खरं सांगणार." त्यांना एवढंच हवं होतं. तिचं झालं ते एकदा खरं सांगितलं जावं, तेही त्यांच्या डोळ्यांदेखत.

चित्रीकरणाच्या दिवशी त्यांनी मयताला जायचा सूट घातला, दाढी केली आणि कॅमेऱ्याच्या मागे कपाटाशी स्टूल टाकून बसले. बाहेर लख्ख सकाळ होती. खिडक्यांना काळं कापड लावून रात्र केली होती. डीलिया झालेली मुलगी डब्लिनची. तिच्या डोक्यावर पेटलेल्या झुडपासारखा लाल केसांचा टोप.

"डीलियाचे केस लाल नव्हते," मी दिग्दर्शकाला म्हटलं. त्याचं नाव ऑरन. सभ्य, गोल चष्मा, मोजे वेगवेगळ्या रंगांचे.

"हो हो, पण अमेरिकेतल्या माणसाला बघताक्षणी कळायला हवं ना," तो म्हणाला, "की ही आयरिश आहे."

म्हटलं, ठीक आहे. केसांच्या रंगावरून कशाला भांडा?

मग अंगणातून चार माणसं आत आली. तोंडाला फडकी नव्हती. खाकी पँट, काळा कोट, तिरकी टोपी. टॅन.

मी टिमीला शोधलं. टिमी रीडी, नेडचा नातू, सत्तरीला आलेला, स्मारक समितीचा अध्यक्ष. गळ्यात 'इतिहास सल्लागार' अशी पाटी लटकवून तो चहाच्या किटलीपाशी उभा होता.

"टिमी, हे कोण?"

"टॅन आहेत गं."

"ते दिसतंय. तुझा आजोबा कुठाय?"

"येतो की, पुढच्या दृश्यात." तो सँडविचकडे पाहत बोलला. "तिला घोंगडीत गुंडाळतो आणि उचलून नेतो."

"कोण कुणाला उचलून नेतो?"

"नेड. डीलियाला."

"कात्री खिशात ठेवून नेतो, की हातातच असते?"

"आयटा, हळू बोल. चित्रपट आहे तो. लोकांना काहीतरी चांगलं..."

"माझ्या बापाने त्यांना खरं काय ते सांगितलं होतं. कुणी फिरवलं?"

टिमीच्या मानेवर लाल चट्टे उठले. "त्यांनी समितीला विचारलं. समितीने मत दिलं."

"समिती म्हणजे तू आणि तुझा मेहुणा!"

मी ऑरनला गाठलं. तो चिडला नाही. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो समजावू लागला, शाळेतल्या मास्तरांसारखा एक गुडघा वाकवून. "बाई, तुमच्या वडिलांची कहाणी जबरदस्त आहे. आम्ही तिचा आदर करतो. पण तुम्हीच विचार करा. त्यांचा स्वतःचा बाप कंदील धरून उभा? मग प्रेक्षकाने कुणाच्या बाजूने व्हायचं?"

"तिच्या," मी म्हणाले. "आणखी कुणाच्या?"

त्याने असं पाहिलं, जणू मी फार अवघड काहीतरी बोलले. मग कुणीतरी 'शांतता' ओरडलं आणि मी माझ्याच घरात शांत झाले. त्याचा राग मला अजून येतो.

वडिलांना खुणावायला मी वळले, पण ते सगळं पाहतच होते. टॅन शिपायांनी मुलीला खुर्चीवर दाबलं, इंग्रजीत शिव्या दिल्या, लाल केस फरशीवर पडले. वडील हलले नाहीत. हात गुडघ्यांवर, चर्चमध्ये असतात तसे. मला वाटलं, त्यांनी गिळलं. जन्मभर गिळलं, तसं हेही.

मग आई झालेली नटी रडत पुढे आली. फरशीवरचे केस तिने ओंजळीत गोळा केले, चुलीशी गेली आणि ओंजळ विस्तवावर धरली.

"नाही," वडील म्हणाले.

ते उठले आणि कॅमेऱ्याच्या समोर चालत गेले. कुणाला अडवायचं सुचलं नाही.

"केस जाळतात का कुणी?" त्यांनी त्या नटीला विचारलं. रागावून नाही, खरंच विचारलं. "कुणी शिकवलं तुला हे? शेवटच्या न्यायाच्या दिवशी माणूस उठतो तेव्हा त्याला आपले सगळे केस शोधावे लागतात. जाळलेले कुठून शोधायचे? अगं, परका असला तरी कुणी त्याचे केस जाळत नाही. आणि ही तर घरची पोर."

"मॉर्टी, चला, बाहेर चला," टिमी कापडाआडून कुजबुजला.

"तू थांब रे." वडिलांनी चुलीच्या डाव्या अंगाचा एक दगड दोन्ही हातांनी हलवला. तो दगड मी रोज पाहत आले आहे. त्यावर मिठाचं भांडं असतं. दगड निघाला. आतून त्यांनी तागाच्या कापडाची गुंडाळी काढली आणि उघडली.

टर्फच्या रंगाची वेणी होती. गडद तपकिरी. टोकाला निळी फीत बांधलेली, आणि दुसरं टोक दातेरी, मेंढीला कातरावं तसं.

मलाही माहीत नव्हतं.

"शवपेटीत ठेवूया म्हटलं तर डीलिया नको म्हणाली," वडील बोलत होते, कुणाशी कोण जाणे. "म्हणाली, आहे तिथेच राहू दे, मॉर्टी. कुठे आहे ते मला ठाऊक आहे. माझी मी येऊन नेईन."

डब्लिनच्या त्या मुलीने आपला लाल टोप दोन्ही हातांनी धरला होता, तो उडून जाईल अशी भीती वाटावी तसा.  तेवढ्यात मला कॅमेऱ्याची बारीक घरघर ऐकू आली. ऑरन कॅमेऱ्यामागच्या माणसाला बोटाने खुणावत होता, नुसते ओठ हलवून म्हणत होता, चालू ठेव, चालू ठेव. मग तो पुढे झाला आणि हलक्या, भक्तिभावाच्या आवाजात म्हणाला, "मिस्टर कल्हेन, हे... हे अप्रतिम आहे. ही वेणी आम्हाला वापरता येईल का? फक्त जवळून एकदा. टॅन निघून गेल्यावर."

टॅन निघून गेल्यावर!

मी आयुष्यात पुष्कळ चिडले आहे, पण बहुतेक वेळा ताटवाट्यांवर. त्या वेळी हातांना काय करावं ते कळेना. वडिलांना कळलं. त्यांनी वेणी नीट गुंडाळली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, आणि म्हणाले, "आयटा, बादली आण."

"बाबा, नको."

"आण म्हणतो ना."

मी मागच्या नळावरून बादली भरून आणली. ते म्हणाले, "ओत."

मी ओतली. डीलियाच्या चुलीवर, सगळीच्या सगळी. अशी वाफ उठली की कॅमेरा, दिवे, टॅन, चष्मा, सगळं दिसेनासं झालं. राखेचा चिखल फरशीवर आला, खोट्या केसांत शिरला. कुणीतरी खोकत ओरडलं, "अरे, भिंगं सांभाळा!"

"आता इथे काही जळणार नाही," वडील म्हणाले. "निघा."

ऑरन दारात थांबून म्हणाला की त्याला फार वाईट वाटतंय, पण करारावर सही झाली आहे, आणि तसंही आता ते शेडमध्ये असंच स्वयंपाकघर उभं करतील. "उभं करा," मी म्हणाले. "तिथे तुमचे टॅन घाला, तुमची लाल पोर घाला. पण डीलियाचं नाव गाळा. नाव आमचं आहे." नाव गाळतो म्हणाला. आमच्याशी पाळलेली ती एकच गोष्ट.

त्या संध्याकाळी घर थंड पडलं. चहा मागच्या शेगडीवर झाला. वडिलांनी तो अर्धा प्यायला आणि चुलीकडे पाठ करून बसले. मी माचिस काढली तर म्हणाले, "माचिशीने नाही."

दुसऱ्या दिवशी मी ओली राख खरवडत होते तेव्हा अंगणात पावलं वाजली. टिमी रीडी होता. गळ्यात पाटी नव्हती. हातात पत्र्याची बादली, आणि बादलीत त्याच्या चुलीतले निखारे. विझलेल्या घराला शेजाऱ्याने विस्तव द्यायचा, ही इथली जुनी रीत. आता कोण पाळतो? पण तो चढ चढून आला होता, घामाघूम.

वडील उठून उंबऱ्यात उभे राहिले. बाजूला झाले नाहीत.

"मॉर्टी, विस्तव आणलाय."

"दिसतोय."

"येऊ का आत?"

"तुझा आजोबा याच उंबऱ्यात थांबला होता," वडील म्हणाले. "त्याला आत यायला जमलं नाही. तू का आलास ते सांग, मग ये."

टिमीने माझ्याकडे विनवणीच्या नजरेने पाहिलं. मी राख खरवडत राहिले. चिडलेली होते आणि चिडलेलंच राहायचं ठरवलं होतं. वाऱ्यावर निखाऱ्यांवर करडी साय धरू लागली.

"अहो, विझेल ना हे."

"विझू दे."

टिमीने तोंड कॉलरमध्ये घातलं आणि काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने," वडील म्हणाले. "चित्रपटात बघ कसे मोठ्याने बोलतात सगळे."

"नेडने!" टिमी ओरडला. अंगणातल्या कोंबड्या पांगल्या. "कात्री नेडने धरली! माझ्या आजोबाने! त्याने मरताना माझ्या बापाला सांगितलं, बापाने मला सांगितलं, आणि मी त्या लोकांना सांगितलं की टॅन होते. झालं?"

 वडील तितक्याच मोठ्याने, चौरस्त्यावरच्या दगडी नेडला ऐकू जावं अशा आवाजात म्हणाले, "आणि कंदील माझ्या बापाने."

ते बाजूला झाले. टिमी आत आला, चुलीशी गुडघ्यांवर बसला आणि निखारे ओतले. निम्मे मेले होते. मी त्याला माफ केलं नाही. फक्त कोरडी ढेप त्याच्या हातात दिली, आणि आम्ही दोघं फुंकत बसलो. वडिलांनी खिशातली गुंडाळी काढली, होती तिथे ठेवली आणि दगड परत बसवला.