बाहेर उघडणारं दार

औसा रस्त्यावर जहागिरदारांच्या बागेची कमान आहे आणि कमानीच्या दोन्ही अंगांना देवड्या. मोगलाईत पहारेकऱ्यांसाठी बांधलेल्या. काळा दगड, वर मातीचं जाड माळवद. फुगडीला हात धरून उभ्या राहिलेल्या दोन बहिणीच जणू. भूकंपात उजवी बसली. कमान वाचली, डावी वाचली. डावीत शिवकांताबाई अजून राहत होत्या.

आता बागेत कोचिंगवाल्यांचं मुलींचं होस्टेल झालं होतं. ढिगारा उचलून उजवी देवडी हुबेहूब डावीसारखी उभारायची, आत मुलींसाठी वाचनखोली करायची, असं ठरलं. तरुण इंजिनिअर यज्ञेश डावीची मापं घेता घेता बाईंना जुन्याचं विचारी. खिडकी कुठं होती, कोनाडे कसे होते. बाई शेंगा फोडत सांगत, दुसऱ्याच्याच घराचं सांगावं तसं.

दाराचं निघालं तेव्हा हात थांबला. "त्या देवडीचं दार भाईर उघडणारं करा."

माणिकप्पा मिस्त्री हसले. "अक्का, रीत काय हाय? दार आत उघडावं. उंबऱ्यावर आल्याल्या लक्ष्मीला काय फळीनं ढकलून द्यायचं?"

"आतच उघडत होतं," बाई म्हणाल्या.

मग एकाच सुरात त्यांनी सांगून टाकलं. त्या रात्री डावीत पाहुणे होते, म्हणून विसर्जन बघून दमून आलेली लेक, महानंदा, उजवीत निजली. पहाटे माळवद खाली आलं, माती आतून दाराला लागली. बाहेरून बाई आणि त्यांचा नवरा रेटत राहिले. जेवढं रेटावं, तेवढं दार मातीत रुते. आतून ती फळी खरवडत होती. मग खरवडायची थांबली.

माणिकप्पांनी टेप गुंडाळून खिशात ठेवला. यज्ञेश खाली बघत म्हणाला, बाईंचं खरं आहे, पण होस्टेलच्या मालकांना जोडी हवीय; आत उघडणारं दार भिंतीत खोल बसतं, बाहेर उघडणारं तोंडाशी येतं, हा फरक कमानीतून येणाऱ्याला लगेच दिसेल.

शिवकांताबाई उठल्या. पदरातली टरफलं झटकली, आपल्या दाराच्या फळीवर तळवा ठेवला.

"मग माझंबी फिरवा. जोडी तर जोडी."

माणिकप्पांनी पहार मागवली.

दिवेलागणीला दार फिरलं. बाई आत गेल्या, लावून घेतलं. आतून एका हातानं ढकललं. उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा ढकललं. माणिकप्पा उंबऱ्यापासून लांब सरून, वाट मोकळी ठेवून उभे होते.