शिरूरवरून जाणारं विमान

निजामाच्या मुलखातला फसली १३४८, म्हणजे इसवी १९३९ सालचा माघ. केजजवळच्या माळावर हैदराबादेहून शिकाऊ विमानं उतरायची आणि त्या माळाचा चौकीदार होता बिभीषण धनगर. नियमांचा सरकारी कागद उर्दूत. त्याला वाचता येत नव्हता, पण पाठ होता. रोज पहाटे माळ अनवाणी तुडवायचा. जमीन चोख असेल तर पांढरं कापड अंथरायचं. नुसती शंका असली तरी लाल. लाल दिसलं की विमानानं उतरायचं नाही.

चार वर्षांत त्यानं विमानाला हात लावला होता, बसला मात्र नव्हता. शिकाऊ वैमानिकाबरोबर परक्याला बंदी होती. आता शिकवणी दुसरीकडे हलणार होती. शिकवणारे कप्तानसाहेब मंगळवारी एकटेच औरंगाबादेला जाताना शेवटचे उतरणार होते. "पीछे बैठ जाव, बिभीषन," ते म्हणाले होते, "शिरूर के उपर से ले जाता हूँ."

शिरूर कासारला त्याची लेक रतनबाई दिली होती. व्याह्यांशी बिनसल्यापासून दोन वर्षं तिला माहेरी धाडलं नव्हतं आणि यालाही त्या दारात पाय ठेवायची सोय उरली नव्हती. आभाळातून जायला कोण अडवतंय? त्यानं एका बाजारकऱ्याच्या तोंडी निरोप धाडला: मंगळवारी सकाळी खळ्यावर उभी राहा, वर बघ, विमानात मी असेन.

"आन् औरंगाबादेहून माघारी?" धाकट्या भावानं, सुग्रीवनं विचारलं.

"पायी."

"लई शाना हायेस, दादा."

माळावर जनावर आणायचं नाही, हाही नियमच. पण गवत गुडघ्याला लागलेलं. साहेबाला शेवटचा माळ तरी साफ दिसावा म्हणून बिभीषणनं दोन रात्री सुग्रीवची मेंढरं तिथं मेखांवर जाळी ताणून चरायला बसवली. मंगळवारी उजाडता सुग्रीव जाळी गुंडाळत म्हणाला, "एक मेख कमी भरतीया."

वीतभर लोखंडी मेख, जमिनीत ठोकलेली तशीच राहिलेली; चाक फाडील अशी. दोघांनी रांगत रांगत गवत चाचपलं. उन्हं वर आली. पूर्वेकडून घरघर ऐकू आली.

"पांढरं टाक," सुग्रीव म्हणाला. "येवढ्या माळात चाक नेमकं तितंच कशाला जाईल?"

"न्हाई जायाचं."

"मग?"

"कुटं हाय ती, ठावं न्हाई ना."

त्यानं लाल कापड अंथरलं. वाऱ्यानं उडू नये म्हणून स्वतः त्यावर उभा राहिला. विमान खाली आलं, दोन घिरट्या झाल्या. कप्तानांनी हात वर करून विचारलं, काय झालं? बिभीषण हात जोडून उभा राहिला. विमान वर चढलं आणि वायव्येला, शिरूरच्या दिशेनं वळलं.

सुग्रीवनं गुंडाळलेली जाळी खांद्यावर टाकली. मग म्हणाला, "रतनी खळ्यावर आसंल का?"

"आसंल. हात बी करंल." बिभीषणची नजर त्या ठिपक्यावरून हलली नाही. "मागं कुनी बसलेलं न्हाई, ते खालून दिसत न्हाई."