चातुर्मासातला कर्व्ह बॉल

“हात सरळ येऊ दे, शेवटी बोटं फिरव. आणि एक दिवसही चुकवायचा नाही.” दिगंबरकाकांचा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मित्रांनो, मी एक जुना चामडी ग्लोव्ह आहे, बेसबॉल झेलणारा. २००१ साली अमेरिकेतल्या आयसेलिन गावात, एका घरच्या जुन्या सामानाच्या विक्रीत, म्हणजे गराज सेलमध्ये, काकांनी मला घेतलं. त्याआधी मी कुणाच्या हातात होतो, आठवत नाही. काकांनी माझ्या वाद्या बदलल्या, मला खोबरेल तेल लावलं आणि मी या घरचा झालो. पद्मिनीकाकू मला देवघराकडे फिरकू देत नसत. मी चपलांशेजारी राहायचो.

त्यांचा मुलगा एकनाथ पिचर झाला. तो बॉल टाकायचा आणि काका मला घालून झेलायचे. एकच बॉल यायचा त्याला, सरळ आणि वेगवान. सगळे वाहवा करायचे. पण २००६ साली हायस्कूलचे कोच म्हणाले, “बॅटर तुझा बॉल ओळखायला लागलेत. ऑक्टोबरच्या संघनिवडीपर्यंत दुसरा बॉल शीक, नाहीतर पिचिंग विसर.”

घरात चातुर्मास लागला. काकूंनी कांदा-लसूण सोडलं. काका म्हणाले, “आपणही नेम धरू. रोज कर्व्ह बॉल, हवेत वळणारा, कार्तिकी एकादशीपर्यंत. नागपूरला माझी ऑफस्पिन कुणाला कळायची नाही!”

“बॉल शेजारच्या छपरावर जायचे, तेही सांगा की,” काकू म्हणाल्या.

“डॅड गॉट हिट फॉर सिक्स!” एकनाथ हसला.

बॉल वळू लागला. पिचरच्या हाताला मधेमधे विश्रांती लागते, हे त्या घरात कुणाला माहीत नव्हतं. नेम म्हटला की तो रोजचाच. पुढे पुढे बॉल माझ्यात ढिले येऊन पडू लागले. मला काही वाटलं नाही. चामड्याला वाटत नाही.

निवडीच्या आदल्या संध्याकाळी एक बॉल थेट कुंपणावर गेला.

“काय रे?”

“नथिंग.” मग हळूच, “करंगळी फील होत नाहीये, बाबा. बरेच दिवस.”

काकांनी मला हातातून काढलं. काकू दारात उभ्या होत्या. “नेम सोडा आता.”

“मधेच मोडायचा?” काकांनी विचारलं.

“देवाला सांगून सोडता येतो. त्याने मुलाचा हात नाही मागितला.”

“आई, कोचला कळलं तर मी आउट.”

“माहीत आहे मला. तरी उद्या बॉल टाकायच्या आधी तूच सांगशील?”

एकनाथने कुंपणाजवळचा बॉल उचलून आणला. मग तो म्हणाला, “प्रॉमिस.”

मित्रांनो, माझी वादी तुटली तर नवी ओवता येते. तुमच्या हाताचं तसं नाही. दुखलं तर सांगा. आणि बधिर होऊन दुखायचंच थांबलं, तर लगेच सांगा.

दुसऱ्या दिवशी मैदानावर काकांनी मला मांडीवर धरलं होतं. मुलं वॉर्म-अप करत होती. कुणीतरी ओरडलं, “नेट, यू आर अप!” तिथे एकनाथला नेट म्हणतात; त्याची पाळी आली होती.

एकनाथने बॉल बादलीत ठेवला, टोपी काढली आणि कोचच्या दिशेने चालू लागला.